काळी दोन

जुन्या बाजारात, रविवारी,
गंजलेले पाने आणि घड्याळांचे पट्टे यांच्या मधोमध
तो तीन पायांवर उभा होता,
त्यातला एक पाय दुसऱ्याच कुणाचा.
"इंग्रज साहेबाचा आहे, बाई. अठराशे सालचा."
मी म्हटलं, अठराशे साली फोटोच नव्हते.
"बरं, मग बाराशे द्या."

घरी आणून पुसला. सागवान, पितळ.
भिंगाच्या कडेला लंडनचं नाव, अर्धं झिजलेलं.
पण बिजागऱ्यांवरचे ठोके तांबट आळीतले
असं मला वाटलं.
वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत,
हे एकोणतीस वर्षं विमा कंपनीत शिकले मी.

मग निवृत्तीनंतरची नोकरी सुरू झाली:
जुन्या जाहिराती, दुकानांच्या नोंदवह्या,
पाटीवर भरलेल्या कराच्या पावत्या.
वाळवीनं सोडलेल्या एका पानात
"खळदकर आणि पुतण्या, बुधवार पेठ.
लग्नाचे, मुंजीचे व मयताचे
फोटो वेळेवर मिळतील."
मयताचेही वेळेवर.
पुतण्याचं नाव कुठेच नाही.

भात्याच्या घड्यांत मऊ गाळ होता.
टाचणीनं काढला, काड्यापेटीत ठेवला.
नदीचा असेल, एकसष्टचा,
पानशेत फुटल्या दिवसाचा.
तेही वाटणंच.

आणि आत, टॉर्च मारल्यावर,
शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: काळी दोन.

चार महिने त्या दोन शब्दांमागे होते.
काळी म्हणजे काच? की निगेटिव्ह?
काळी दोन, तर पांढरी किती?
रसायनाची बाटली, कपाटातला खण,
की काळी नावाची कुणी
दोन प्रती सांगून गेली आणि आलीच नाही?
दिल्लीच्या एका जाणकाराला पत्र घातलं.
सहा पानांचं उत्तर आलं,
त्यात 'बहुधा' अकरा वेळा.

शेवटी भाता उसवला होता म्हणून,
निव्वळ म्हणून,
अंबादास जिनगरांकडे गेले.
रास्ता पेठेत जिन्याखाली बसून पेट्या दुरुस्त करतात.
"कॅमेऱ्यातलं मला कळत नाही," म्हणाले,
"पण भाता म्हणजे भाता."
चष्मा कपाळावर सारला, आत नाक घातलं,
आधी वास घेतला, मग वाचलं.
वाचलं म्हणजे
मोठ्यानं नाही, ओठ मिटूनच
एक सा लावला.

जिन्यावरून उतरणारं कुणीतरी थांबलं.

"निम्मा भाता पेटीचा आहे हा.
कातडं बघा, कागद बघा.
गिऱ्हाईक कुठल्या पट्टीत गातं
ते आत लिहून ठेवायचे वडील.
अक्षर त्यांचं नव्हे. रीत तीच.
काळी दोन. पुरुषाची पट्टी."

मी चार महिने काचा मोजत होते.

उसवण शिवून झाली तशी
तिथेच तिवई उभी केली,
डोक्यावरून काळं फडकं घेतलं.
दुधी काचेवर अंबादास उलटे,
त्यांच्या पायांवर छत,
आणि खालून वर टांगलेल्या
सगळ्या मुक्या पेट्या.
"दिसतंय?"
"दिसतंय."
"हवा कुठून जात नाही ना?"
मी म्हटलं, याच्यात हवा नाही, उजेड जायला नको.
"तेच ते," म्हणाले.

पैसे घेताना विचारलं त्यांनी,
सहज, सुटे मोजता मोजता:
"भाता काढून दिला, बरं.
मग तो गाणारा पुढं कशावर गायला?"

घरी येऊन नोंद केली.
बनवणारा: माहीत नाही.
साल: माहीत नाही.
दुरुस्ती: एक, आधीची. एक, आजची.
गाणाऱ्यासाठी रकाना नव्हता वहीत.
आखायला पट्टी शोधली, मिळाली नाही.
हातानंच ओढली रेघ.
जरा वाकडी आली.